मादी म्हटलं म्हणजे मादी

पिल्लू नर की मादी हे ओळखण्यावर तिचं पोट चालत होतं, आणि नेमकं घरातल्याच पिल्लानं तिला तोंडघशी पाडायचं ठरवलं होतं.

कोंबडीची अंडी उबवणाऱ्या हॅचरीत तिचं दिवसभर एकच काम. पिल्लाचा पंख उघडायचा, पिसांच्या दोन रांगा बघायच्या. लांब-आखूड असल्या तर मादी, सारख्या असल्या तर नर. मादी उजव्या खोक्यात, नर डाव्या. डाव्या खोक्याचं पुढे काय होतं ते ती विचारत नसे. पण ही विद्या फक्त पहिल्या दिवसाची, तीही हॅचरीतल्या ठरावीक जातीपुरती. त्यानंतर पिसं वाढली की तिला इतरांपेक्षा काडीचंही जास्त कळत नसे. हे कोणाला सांगून पटेल तर शपथ.

सासूबाई गेल्यापासून सासरे खिडकीशी बसून असत. काही विचारलं तर हूं, नाहीतर तेही नाही. एका सकाळी ते बाजारातून चांगलं आठवड्याचं पिल्लू घेऊन आले आणि कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले.

"सूनबाई, बघ गं, नर की मादी?"

"आता नाही कळायचं, आप्पा. मोठं झालंय ते."

"तुला नाही कळायचं?" आप्पा हसले. "रोज दुसरं काय करतेस मग?"

एवढ्यात वरच्या मजल्यावरची घरमालकीण जिन्यातून डोकावली. "कोंबडी असेल तर ठेवा. कोंबडा असेल तर उद्याच्या उद्या बाहेर. मला आधीच झोप लागत नाही. सांग ना गं, तू तर यातलीच."

दोघांना समजावता समजावता तिच्या घशाला कोरड पडली. कामाला उशीर होत होता तो वेगळाच.

"मादी," ती खेकसली आणि पायात चपला सरकवून निघाली.

मादी वाढू लागली. तुरा लालभडक झाला, मानेवर लांब चकचकीत पिसं आली, शेपटीला बाक आला. आप्पा तिला मांडीवर घेऊन दाणे भरवत, तिच्याशी बोलत, आणि मग सुनेशीही बोलत. दोन वेळा नीट जेवू लागले.

"आप्पा, हा कोंबडा आहे. चुकलं माझं."

"छे. तुझं नाही चुकत."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तूच बोललीस, तूच निस्तर." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात आप्पा रात्री मादीच्या खोक्यावर जाड चादर टाकू लागले. भर उकाड्यात. "थंडी बाधते तिला," म्हणे.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. एका पहाटे चादरीखालून असा खणखणीत आवाज निघाला, की घरमालकीण विस्कटलेल्या केसांनी दारात.

"हे काय होतं?"

तिनं आप्पांकडे पाहिलं. ते खोक्यावर हात ठेवून उभे होते. कोंबडा गेला की ते पुन्हा खिडकीशी जाणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

"मादीच आहे, काकू. काही माद्या आरवतात. हॅचरीत बघते ना मी."

घरमालकिणीनं खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू म्हणतेस म्हणजे असेल बाई," असं पुटपुटत ती जिना चढली. खरं बोललं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं आणि ही थाप मात्र एका घोटात उतरली. तिला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आप्पांनी चादर काढली.

"नर आहे हे मला कधीचंच दिसत होतं," ते हळूच म्हणाले. "पण त्या दिवशी तू मादी म्हणालीस ना, तेव्हाच मी ओळखलं. माझ्यासाठी म्हणालीस. डाव्या खोक्यात नाही टाकलंस त्याला."

ती त्या दिवशी नुसती चिडली होती. पण हेही आता कोणाला सांगून पटणार नव्हतं.