ऑरव्हिल टीगला कुणी मारायचं?

ऑरव्हिल टीगनं पत्त्यांच्या डावात जेथ्रो स्प्रेगच्या थोरल्या भावाला गोळी घातली, तेव्हापासून जेथ्रो त्याच्या मागावर होता. टेक्सास पालथं घातलं, दोन घोडे झिजवले. शेवटी ॲरिझोनातल्या ड्राय वेल्समध्ये टीग सापडला. पण कुठं, तर फाशीच्या चौथऱ्यावर, गळ्यात दोर घालून!

जेथ्रोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबवा! त्याला मी मारणार आहे!"

शेरीफ प्रुइट तंबाखू थुंकला. "मरतोय ना? मग कुणी का मारेना."

"मी इतकी वर्षं काय गवत उपटत होतो?"

"आमचे घोडे चोरलेत त्यानं. आधी आमचा हक्क. तू बाजूला हो बघू."

शब्दानं शब्द वाढला. जेथ्रोनं घोडा थेट चौथऱ्याला भिडवला, सुरीनं दोर कापला, टीगला पोत्यासारखं खोगिरावर टाकलं आणि धूम ठोकली.

दरीत पोचल्यावर टीग म्हणाला, "देव तुझं भलं करो, गड्या! कोण तू?"

"स्प्रेग. ॲब्नरचा भाऊ."

टीगचा चेहरा पडला. "म्हणजे हे वाचवणं..."

"तात्पुरतं. उतर खाली."

टीग उतरला आणि मटकन खाली बसला तो नेमका खुळखुळ्या सापावर. साप चावला तोही अवघड जागी. जेथ्रो डोकं धरून बसला. शेरीफकडून सोडवून आणलेला माणूस आता सापाच्या हवाली करायचा? "ॲब्नर, माफ कर रे," असं आकाशाकडं बघत तो पुटपुटला आणि विष चोखायला वाकला.

एका खाणकामगाराच्या ओसाड पडलेल्या झोपडीत त्यानं टीगला निजवलं. घेवड्याचं कढण पाजलं, कपाळावर ओली फडकी ठेवली. टीग तापात आईच्या हातच्या 'पीच पाय' या गोड पक्वान्नाबद्दल बरळायचा. तो शुद्धीवर आल्यावरही जेथ्रो म्हणायचा, "आज नको. आजाऱ्याला मारलं म्हणतील लोक."

"कोण लोक? इथं कोल्हे आहेत नुसते."

"तू कढण पी गुमान."

मारण्याआधी म्हणायचं एक भाषण जेथ्रोनं कधीचं रचून ठेवलं होतं. झोपडीमागं तो रोज त्याची तालीम करायचा.

अखेर एका सकाळी दोघं समोरासमोर उभे राहिले. टीग सुकं मांस चघळत होता.

"ऑरव्हिल टीग," जेथ्रो गरजला, "ज्या हातानं तू माझ्या भावाला... माझ्या भावाला..."

पुढचं आठवेना.

"'मातीत मिळवलंस'," टीगनं आठवण करून दिली.

"मध्ये बोलू नकोस! त्या हाताला... त्या हाताला..."

"'आज काळच गाठणार'. अरे, पाठ झालंय मला सगळं!" टीगला हसू आवरेना. हसता हसता मांसाचा तुकडा घशात अडकला. तो निळा पडला.

जेथ्रोनं पिस्तूल फेकलं, धावत जाऊन त्याच्या पाठीत गुद्दे घातले. "मरू नकोस, हरामखोरा! मरू नकोस!"

टीग मेला.

जेथ्रोनं खड्डा खणला. भावाच्या वेळी आलं नव्हतं एवढं रडू त्याला तिथं आलं. मग तो टेक्सासला घरी गेला.

"मारलास?" आईनं दारातच विचारलं.

"नाही. मेला."

"मेला ना? मग तोंड का सुजलंय तुझं रडून?"

जेथ्रो पायरीवर बसला. "आई, आता उद्यापासून मी काय करू गं?"

म्हातारीनं आतून हातोडा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मागचं कुंपण मोडलंय," ती म्हणाली.