पाकिटावरची आई

आई गेल्यावर सातव्या दिवशी मी कामावर गेले. दादा आदल्या दिवशी सकाळीच त्याच्या शहरात परतला होता. घरात एकटीनं बसून करायचं तरी काय?

मसाला पेयाच्या कारखान्यात मी पाकिटं भरायच्या मशीनवर आहे. सुंठ, मिरी, दालचिनी, हळद आणि थोडी लवंग यांची पूड, कपभर गरम पाण्यात चमचाभर टाकायची. मशीनच्या वरच्या अंगाला पूड ओतायचं मोठं नरसाळं, मागे छापील प्लास्टिकचा रोल. रोल एका वाकवलेल्या पत्र्यावरून वळतो, त्याची नळी होते, तापलेले जबडे मिटतात आणि पाकीट तुटून खाली पडतं. मिनिटाला चाळीस. प्रत्येक पाकिटावर माझ्या आईचा हसरा फोटो.

कामावर परतल्यावर दिवसभर तोच माझ्यासमोर असणार, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. माझ्याही नाही. नवा रोल चढवताना आईचा चेहरा पत्र्यावरून घसरत आला आणि मधोमध दुमडला, तेव्हा सुपरवायझरबाईंचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई! तू स्मूदीच्या लाइनला जातेस का? इथे मी दुसरं कुणीतरी देते."

"नको. चालेल मला."

आणि खरंच चाललं. दुपारपर्यंत आई काही हजार वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला काही म्हणता काही झालं नाही. मी सील तपासलं, वजन तपासलं, तारखेचा शिक्का तपासला. शिक्का तिच्या कपाळावर उमटायला लागला होता. तो जरासा वर सरकवला.

तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा. जाहिरातीसाठी ठरवलेल्या आजीबाई ऐनवेळी आल्या नाहीत. त्याच दिवशी मी चष्मा घरी विसरले होते आणि तो द्यायला आई फाटकाशी आली होती. मॅडमनी तिला पाहिलं आणि थेट आत नेऊन खुर्चीत बसवलं. मॅडम म्हणजे कारखान्याच्या मालकीण. बाई मनानं वाईट नाही, पण एकदा डोक्यात काही आलं की कुणाचं ऐकायची नाही. आईच्या हातात वाफाळता कप दिला, फोटो काढले आणि मग विचारलं, "आजी, हे पिऊन तुम्हाला काय वाटतं?"

आई म्हणाली, "सकाळी सकाळी पोटात काहीतरी गरम जातं. बरं वाटतं."

पाकीट छापून आलं त्यावर होतं, 'गुडघेदुखी गायब! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी तीन जिने चढते!'

आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग पदरात तोंड लपवून हसली. "अगं, आपल्याकडे जिना कुठाय?"

आम्ही तळमजल्यावर राहतो.

पुढे तिला त्याची मजा वाटायला लागली. दुकानात बायका थांबवायच्या, "तुम्हीच ना त्या पाकिटावरच्या?" मग ती दूध आणायला जातानासुद्धा केस नीट बसवून जायची. मॅडमनी स्मूदी सुरू केली, पालक, केळं, जवस असं सगळं घुसळलेलं हिरवंगार, तेव्हा मी तिला एक बाटली आणून दिली. तिनं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "हे प्यायचं, की भिंतीला लावायचं?" पण मसाला पेय मात्र ती रोज घ्यायची. सील तिरकं बसलेली पाकिटं आम्हाला घरी न्यायला मिळतात. आमच्या फडताळात त्यांची चळत असायची.

ती गेली मेंदूत रक्तस्राव होऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या नियमित घेत होत्या?"

"हो," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले. महिन्याच्या महिन्याला मीच तर आणून देत होते.

कामावर गेले त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला सांगू की नको, चार दिवस विचार करतेय."

"सांगा."

"आईनं गोळ्या सोडल्या होत्या गं. आठ महिने झाले असतील. मला म्हणाली होती, लोक मला थांबवून विचारतात, आजी, तुम्ही काही औषध घेता का? मी काय सांगू? पाकिटावर हसायचं आणि घरी येऊन गोळ्या गिळायच्या, हे खोटेपणाचं वाटतं. मी म्हटलं, असं करू नका. तर म्हणाली, मला काही होत नाही, मस्त आहे मी. आणि लेकीला सांगू नका, ती उगाच ओरडेल."

काकू रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर आईच्या कपाटाचा खालचा खण उघडला. स्वेटरखाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, रबर लावून नीट एकावर एक ठेवलेल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. मी खण बंद केला, डब्यातलं थोडं खाल्लं, भांडी घासली. राग यायला हवा होता. कुणाचा तरी. मी वाट पाहिली, पण आला नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं.

कारखान्याच्या फाटकाजवळ विक्रीची खिडकी आहे. दुसऱ्या दिवशी तिथली बाई जेवायला गेली म्हणून मला बसवलं. पन्नाशीच्या एक बाई आल्या. सहा पाकिटं मागितली. ती पिशवीत भरता भरता त्यांनी एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"या तुमच्या कोण? नाक अगदी तस्संच आहे."

"आई."

"काय तब्येत ठेवलीय हो! कशा आहेत?"

"गेल्या. मागच्या आठवड्यात."

"अरेरे. वय झालं असेल."

इथे मान हलवून गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या तिनं. हे पिते म्हणून."

त्यांचा हात पिशवीतच राहिला. त्या म्हणाल्या, "मी मिस्टरांसाठी नेतेय. त्यांना शुगर आहे. ते म्हणतात, दालचिनीनं शुगर उतरते, मग गोळ्या कशाला?"

"बंद केल्या?"

"अजून नाही. पुढच्या महिन्यापासून म्हणत होते."

"करू देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच."

"मग हे घ्यायचं की नाही?"

मी पाकीट हातात घेतलं. "घ्या की. थंडीत बरं वाटतं. घसा धरला असेल तर मोकळा वाटतो. सुंठेनं मळमळ कमी होते. चहात दोन चमचे साखर घालण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण एवढंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीचंसुद्धा डॉक्टरांना विचारायचं. जिने वगैरे चढायला यानं येत नाही."

त्यांनी चार पाकिटं परत ठेवली आणि दोन घेऊन गेल्या. निघताना खिडकीतून हात आत घालून माझ्या मनगटावर ठेवला. हात गरम होता, एवढं मला कळलं.

संध्याकाळच्या आत मॅडमचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर स्मूदीच्या नव्या लेबलांचे नमुने पसरले होते. 'सुपरफूड', 'दहा आजारांवर एकच बाटली' असं काय काय.

"खिडकीवर बसून तू आपलंच गिऱ्हाईक परत पाठवतेस म्हणे? दुःखात आहेस, मला समजतं. सुट्टी घे आणखी. पण हे काय?"

मी त्यांना सांगितलं. काकूंनी सांगितलं तसंच, मधे काही न घालता. माझा आवाज मलाच कुणीतरी हजेरी वाचतंय तसा ऐकू येत होता.

मॅडमच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, "मी कुणालाही गोळ्या बंद करा म्हटलेलं नाही. मागे स्पष्ट लिहिलंय, हे औषध नाही."

"लिहिलंय. छपाई रोज मीच तपासते."

"मग?"

"तिला चष्मा लावूनही ते दिसत नव्हतं. आणि पुढच्या बाजूला ती स्वतःच होती ना."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. "मला ओरड तरी," त्या म्हणाल्या. "अशी गप्प उभी राहू नकोस."

"ओरडायला येत नाहीये."

"काय करू, सांग."

"मला नाही माहीत, मॅडम."

खरंच माहीत नव्हतं. मी मशीनवर परत गेले.

तीन दिवसांनी मॅडमनी रोल थांबवला. नवीन पाकीट छापून यायला महिना लागणार होता आणि गोदामात भरलेला माल होता. त्यासाठी त्यांनी पिवळ्या चिकटपट्ट्या छापून आणल्या. ठळक अक्षरांत, 'हे पेय आहे, औषध नाही. चालू गोळ्या बंद करू नका.' पट्टी कुठे लावायची, ते मॅडमनी माझ्यावर सोडलं. मी ती जिन्यांच्या वाक्यावर बसवली, आईच्या हनुवटीच्या बरोबर खाली. आम्ही सहाजणी लांब टेबलाशी बसून दिवसभर तेच करत होतो. स्मूदीच्या लेबलांचे नमुनेही मॅडमच्या टेबलावरून नाहीसे झाले होते. त्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. बोटांना गोंद होता, तो साबणानं निघेना. मी तशीच ओट्याला टेकून दादाला फोन लावला. गोळ्यांचं त्याला सांगितलं नव्हतं. इतके दिवस रोज बोलत होतो, जेवलीस का, झोपलीस का, आणि मी ते तेवढं बाजूला ठेवत होते.

आता सगळं सांगितलं. खण, स्वेटर, रबर, डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर.

पलीकडे दादा रडायला लागला. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, श्वास अडकत अडकत. मी त्याला गप्प केलं नाही. फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले. मला त्याचा हेवा वाटत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक ओढलं. "आहेस ना गं?"

"आहे," मी म्हणाले. "तू रड."