सुलक्षणाची लाईन

पासलीच्या सुलक्षणाला गुडघ्याचं तेल विकता येत होतं, पण खोटं बोलायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची. आणि नेमकं तेच काम सोमनाथसरांनी तिच्यावर सोपवलं होतं.

सोमनाथसर म्हणजे तिला या तेलाच्या कंपनीत ओढणारे भोरचे गृहस्थ. भर उन्हाळ्यातही अंगात कोट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं उभ्या उभ्या म्हैस विकून यावं. "तुमच्या सावडीतल्या अकराजणी घेऊन या," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "ती तुमची डाउनलाईन. त्यांच्या खाली त्यांच्या जावा-नणंदा. वर्षभरात तुम्ही चारचाकीत."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. या अकराजणी आल्या नाहीत तर सुलक्षणाची भातलावणी व्हायचीच नाही. नवरा पुण्यात वॉचमन, सासूचे गुडघे धरलेले. सावडीतल्या सगळ्यात जुन्या रतनबाईनं भोरच्या सभेला जायच्या टेम्पोत चढतानाच बजावलं होतं, "तू म्हणतीस म्हणून येतोय. फसवलंस तर तुझ्या खाचरात पाय ठेवायची न्हाई."

भोरच्या हॉलमध्ये सरांनी स्टेजवरून वाचायचा कागद तिच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, मी तीन महिन्यांतच महिना वीस हजारांवर गेले आणि शेती सोडली.

"सर, म्या कुठं शेती सोडली?"

"सोडणार आहात ना? मग झालं. स्वप्न मोठंच सांगायचं असतं."

तिला राग आला, सरांपेक्षा स्वतःचाच जास्त. तीन महिने असलीच स्वप्नं ऐकून तिनं मान डोलावली होती. ती स्टेजवर चढली. पहिल्याच रांगेत रतनबाई डोळे रोखून बसली होती. सुलक्षणानं कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली.

"तीन म्हैन्यात माझ्या नऊ बाटल्या खपल्या," ती म्हणाली. "आनखी चार घरात पडून हायेत. तेल बरं हाय, सासूबाईंना जरा आराम पडतो. पर म्हातारं माणूस तरणं होत न्हाई त्यानं. ज्याला ह्यो धंदा करायचाय त्यानं वरीसभर पायपीट धरावी, आन मीठमिरचीचा खर्च सुटला तरी लई झालं म्हणावं. शेती सोडू नका. आन परतेकीनं अकराजणी आणायच्या, तर पासलीत तेवढी माणसं हायेत कुठं?"

सर हसत हसत पुढं आले. "ताई जरा घाबरल्यात. खालची लाईन तयार व्हायचीय अजून त्यांची."

"खाली कुणी न्हाई, सर." तिनं माईक सोडला नाही. "सावडीत समद्या एकाच चिखलात उभ्या असत्यात."

कुणी टाळी वाजवली नाही. सरांनी पदरावरचा कंपनीचा बिल्ला परत मागितला. तिनं तो काढून टेबलावर ठेवला.

परतीच्या टेम्पोत सुलक्षणा वेल्ह्यापर्यंत मनाशी हिशोब करत होती. तिच्यापायी अकराजणींचा दिवस फुकट गेला होता. पण माफी मागायची नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. खोटं बोलली असती तर मागितली असती.

पासलीचा चढ लागला तशी रतनबाई खाकरली. "त्या चार बाटल्या हायेत का अजून?"

"हायेत. पर गुडघा बरा हुईलच असं म्या सांगत न्हाई."

"आयकलं की मघाशी. एक दे." मग ती बाकीच्यांकडं वळली. "सोमवारी हिची लावणी. पयली."