नाक मोकळं ठेवणारा हात

"आज्याला झोपेत हात लावू नको हो, लांबनं हाक मार," असं विजयलक्ष्मीनं सुनेला लग्नानंतर लगेचच बजावलं होतं. पवित्रानं ते हसण्यावारी नेलं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी ती. म्हटलं, जुन्या घरात अशा शंभर गोष्टी सांगतात. म्हातारा माणूस, फार तर दचकेल.

त्या दुपारी ती दूध तापवायला आत गेली, तेवढ्यात दीड वर्षाचा विश्वेश तुरुतुरु चालत हनुमंतरावांच्या चटईपाशी पोचला. हनुमंतराव म्हणजे तिच्या नवऱ्याचे आजोबा, शंभरीला टेकलेले. पोरानं त्यांचा कान ओढला असावा. तो खिदळला, आणि मधेच आवाज तुटला. पवित्रा धावत बाहेर आली.

आजोबांनी पोराला भिंतीशी दाबून स्वतःच्या अंगाआड घेतलं होतं. तळहात त्याच्या तोंडावर. डोळे उघडे, पण त्यांना ना ती दिसत होती ना घर.

"उगा," ते कुजबुजले. "वर आहेत ते."

ती झेपावली आणि जागच्या जागी थबकली. पोर गुदमरलं नव्हतं. आजोबांचं पहिलं बोट कमानीसारखं वाकलं होतं. नाक मोकळं, आणि बोटाच्या पाठीला पोराचा एकेक श्वास लागत होता. विश्वेश टुकुटुकु बघत होता.

"मामंजी," सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पोचलात खाली. स्ट्रेचर ठेवा आता."

हात सुटला. पवित्रानं पोराला उचललं, ओठ पाहिले, नखं पाहिली. सगळं गुलाबी.

भानावर आल्यावर आजोबा पोरापासून लांब सरकले. "मला मागच्या खोलीत टाका ग. बाहेरून कडी लावा."

"ते राहू द्या. आधी सांगा, हे कुठं शिकलात?"

"गोऱ्यांची दुसरी डिव्हिजन. मी स्ट्रेचर उचलायला. नगरला तळ होता. तिथल्या बायका माझी तंजावरी मराठी ऐकून हसायच्या, हा कुठल्या बखरीतनं उतरला म्हणून." ते जरासे हसले. "मग कोहिमा. जपानी वर बसलेले, आम्ही डोंगरातनं वळसा घालून निघालेलो. धो धो पाऊस. खोकायचं नाही, विडी नाही. जखमी कण्हला तर सगळेच मेले. मग बाजूनं चालणाऱ्यानं असा हात ठेवायचा. तोंड बंद, नाक उघडं. बोटाला श्वास लागत राहिला पाहिजे."

"गोरेसुद्धा कण्हायचे?"

"कण्हायचे की! विशीतली पोरं. आईला हाका मारायची. माझ्या तळहातात मारायची."

पवित्रा त्या तळहाताकडे बघतच राहिली. सुरकुतलेला, तपकिरी डागांचा. एवढी मोठी डिव्हिजन, हजारो माणसं, तोफा, खेचरं. आणि कुठल्याशा परक्या देशातल्या आयांच्या वाटच्या हाका तंजावरी मराठी बोलणाऱ्याच्या या हातात विरल्या होत्या. नकळत तिनं वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी उमेशनं, तिच्या नवऱ्यानं, तेच काढलं. "आजोबांना मागं हलवू या. बाळासाठीच म्हणतोय."

"चटई इथंच राहील," ती म्हणाली. "ते झोपले की मधे मी बसेन."

"आणि तू झोपलीस की?"

"मी कुठं झोपते रे?"

सासूबाई फिसकन हसल्या. आजोबा मात्र म्हणाले, "पापनाशमला गिरिधरला टाकलंय तसं. माझ्या स्ट्रेचरचं दुसरं टोक. त्याच्या नातसुनेला घाबरवलं म्हणून मागल्या कोठारात ठेवलाय. पूर्वी फोन यायचा."

पवित्रानं दोनदा फोन लावला. "म्हातारा बरा आहे," म्हणून कुणीतरी ठेवून दिला. विश्वेशला सर्दी झालीय, तिला निघवत नाही, आणि जीव तिकडे लागलाय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी पापनाशमकडे जाणार असेल तर तिचं एवढं ऐका. स्टेशनाजवळ भाताचं कोठार असलेलं घर विचारा. तुम्हाला पुढच्या ओट्यावर बसवून "बरा आहे" म्हणतील, तेवढ्यावर परतू नका. आत जा. गिरिधरना बघून या.