माणिकबाईची भिंत

समजा, मुलांनो, तुम्ही नऊ वर्षांची भामी आहात. आत्या शेणमातीचे घमेले कमरेवर घेऊन दारात आली आहे, आणि तिला पाहताच तुम्ही धावत जाऊन मागच्या खोलीतल्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आहात. पाठीला माती गार लागते आहे. हात कितीही ताणले तरी दोन्ही बाजूंना भिंत उरतेच. आले का डोळ्यांपुढे? मग आता पुढे काय झाले ते ऐका.

"सरक वं भामे," पार्बताबाई म्हणाली. "कंबर मोडून राह्यली माही."

भामी सरकली नाही.

"साऱ्या घराचं सारवण झालं, एवढीच भिंत राह्यली. पोपडे पडून राह्यले तिचे. नवीन माणूस घरात येईन, ते काय म्हणन?"

"म्हणू दे. मायचा हात हाये हा."

पार्बताबाईने घमेले खाली ठेवले आणि पदराने कपाळ पुसले. ती भामीच्या बापाची, शेषरावाची, थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, तेव्हापासून भावाच्याच घरी. बडनेऱ्याच्या रस्त्याला शेषरावाचा मळा होता. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू-शेवंती. भामीची आई माणिकबाई दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेली होती. आता तुळशीचे लग्न झाले की बाळापूरची एक बाई शेषरावाची बायको होऊन ह्या घरात येणार होती.

माणिकबाईचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. तिची लुगडी रिवाजाप्रमाणे वाटून झाली होती. उरली होती ती ही भिंत. जाण्याआधीच्या दिवाळीला तिने ती सारवली होती. तुम्ही कोणाला सारवताना पाहिले असेल, तर हात कसा फिरतो ते आठवा. तळवा भिंतीला टेकतो, कोपरापासून हात वळतो, आणि बोटांच्या रेघांची एक कमान उमटते. तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. ह्या भिंतीवर त्या कमानी अजून दिसत होत्या, कोपऱ्यापासून कोनाड्यापर्यंत. पुढच्या खोलीत आत्याने सारवलेली भिंत होती, तिच्यावरही कमानी होत्या. पण त्या वेगळ्या होत्या. वेगळ्या कशा, हे भामीला सांगता आले नसते. डोळ्यांना मात्र लगेच कळे.

"तुह्या मायचं सारंच उलटं," पार्बताबाई पुटपुटली. पण घमेले उचलून ती बाहेर गेली.

संध्याकाळी शेषराव बाजारातून आला, तेव्हा दोघींनी आपापली बाजू मांडली. त्याने आधी भाकर खाल्ली. मग हात धुताना, भामीकडे न पाहता, म्हणाला की वसुबारसेपर्यंत राहू दे, मग सारवून टाक. पोरीलाही तेवढ्यात समजेल.

काय समजेल, ते तो बोलला नाही. भामीला त्या रात्री एवढेच समजले की भिंत जाणार.

रोज सकाळी राजापेठेत मोरोपंत वकिलांकडे पूजेची फुले पोचवायचे काम भामीचे होते. पळसाच्या पानांचा पुडा देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत फिरायचे. त्या घरात माडीवर वकिलांचा मुलगा कमलाकांत राही. तो मुंबईहून चित्रकला शिकून आला होता. मुंबईला जाण्यापूर्वी तो माणसांचे चेहरे इतके हुबेहूब काढी की वकिलांच्या बार रूममधून त्याला मागणी आली असती. परत आला तो भलताच होऊन. मुंबईत कोणाकडे तरी त्याने पॅरिसच्या चित्रांचे छापील कागद पाहिले होते. आधी त्यांत टेबले कलंडलेली होती, चेहरे एकाच वेळी समोरून आणि बाजूने दिसत होते, आणि पुढे पुढे तर टेबलही नव्हते, चेहराही नव्हता. नुसते रंग आणि त्यांच्या कडा. कमलाकांत ते कागद घेऊन महिनोन्महिने बसला म्हणतात. आता तोही तसेच काढू लागला होता. लढाई नुकतीच संपलेली, कॅनव्हास कुठे मिळेना, म्हणून मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाला सरस आणि खडू लावून त्यावर गेरू आणि नीळ चालवी.

मोरोपंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना मुलाची हकिगत ऐकवीत. फुलवाल्या पोरीलाही. अकोल्याच्या एका शाळेत कमलाकांतने आपली चित्रे मांडली होती. सरकीच्या एका व्यापाऱ्याने एका चित्रासमोर बराच वेळ उभे राहून, हा कोणत्या तालुक्याचा नकाशा आणि ह्यात रेल्वे कुठून जाते, असे विचारले होते. हे सांगून मोरोपंत हसत. मग हसणे थांबवून माडीकडे पाहत.

भामीला ह्यातले एवढेच महत्त्वाचे वाटले की हा माणूस चित्र काढतो. दुसऱ्या दिवशी फुले ठेवून ती परत फिरली नाही. जिना चढून वर गेली.

"कमलभाऊ, एक भिंत काढून द्यान का?"

कमलाकांत जमिनीवर बसून रंग खलत होता. त्याने मान वर केली. कोणाची भिंत, कशाला, हे सारे त्याने नीट विचारून घेतले. भामीने सांगितले. वसुबारसेचेही सांगितले. मग तो म्हणाला की आता मी तसली चित्रे काढत नाही, हात मोडला आहे माझा त्यातून. भामी त्याच्या हाताकडे पाहत राहिली. तो मोडलेला दिसत नव्हता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "बघून तर येतो."

तो आला, आणि बराच वेळ भिंतीसमोर नुसता बसून राहिला. कागद काढला नाही, पेन्सिल काढली नाही. मग उठला, भिंतीच्या अगदी जवळ गेला आणि तिला न शिवता हवेत हात फिरवू लागला. एकदा फिरवी, थांबे, मान हलवी. पुन्हा फिरवी. पार्बताबाई दारात उभी राहून बघत होती.

"वकिलाच्या घरचे असून भिंतीले मंतर मारून राह्यले काय," ती म्हणाली, आणि त्याला चहा आणून दिला.

चहा पिऊन तो गेला. त्यानंतर रोज सकाळी भामी फुले ठेवून जिन्याखाली उभी राही. वरून काही हाक येत नसे. एकदा काहीतरी फाडल्याचा आवाज आला. एकदा कमलाकांत खाली आला, तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखा विहिरीवर गेला. हा काढतो आहे की नाही, तिला कळेना. इकडे घरी मातीत भिजवायला भुसा आणून ठेवला होता.

वसुबारसेच्या आदल्या सकाळी त्याने तिला वर बोलावले.

मांजरपाटाचे मोठे चित्र भिंतीशी टेकवून ठेवले होते. भामीने आधी त्याच्या मागे पाहिले. मग पुन्हा समोर आली. तपकिरी रंग होता, त्यात गेरू भाजल्यासारखा काळवंडलेला. त्यावरून मोठमोठ्या वळणाच्या पट्ट्या गेलेल्या, काही तर कापडाच्या बाहेर निघून गेलेल्या. खाली एका कोपऱ्यात निळीचा एक ठिपका, कशाचाच नाही असा.

"हे काय हाये?"

"तुझी भिंत. म्हणजे, तिच्यापासून सुरुवात केली होती."

"कोनाडा कुठी हाये?"

"नाही काढला."

"कंदिलाचा खिळा?"

"तोही नाही."

मोरोपंत तिच्या मागोमाग जिना चढून आले होते. दारातूनच म्हणाले, "घे आता. रेल्वे सापडली तर मला सांग."

भामी पुड्यातून सुटून हातात राहिलेल्या पळसाच्या पानाच्या शिरा सोलत राहिली. एक पान संपले. मग कमलाकांत उठला आणि कपाटामागून एक कागद काढून त्याने तिच्यापुढे धरला. त्यावर भिंत होती. कोनाडा होता, काजळीसकट. खिळा होता. पोपडा पडला होता तो तिथेच पडला होता. कमानीत कमान, रेघ न् रेघ होती.

"हे पायजे मले," भामी म्हणाली.

"ने."

तिने कागद दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीजवळ नेला. आधी कोनाडा पाहिला, मग खिळा. मग कमानी पाहू लागली, आणि पाहता पाहता तिने कागद थोडा दूर धरला.

"हे मायचं नाई," ती म्हणाली. "हे आत्याचं वाटते."

"मलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं," कमलाकांत म्हणाला. "असे तीन काढले मी. दोन फाडले. भिंत बरोबर यायची, पण वळण येईना. हात आपोआप दुसरीकडेच झुकायचा. मुंबईला मला शिकवलं की चित्र हुबेहूब दिसलं पाहिजे. मग ती परक्या देशातली चित्रं पाहिली, तेव्हा वाटलं, तसं दिसलंच पाहिजे असं नाही. मग काय झालं पाहिजे, ते मात्र कोणीच सांगितलं नाही. शेवटी वैतागून ब्रश ह्या हातात घेतला."

त्याने हात पुढे केला. नखांत गेरू बसला होता.

"ह्या हातानं मला काही काढता येत नाही. कोनाडा येईना, खिळा येईना. एवढंच आलं."

भामी त्या हाताकडे पाहत राहिली. मग मांजरपाटाच्या चित्राकडे. मग पुन्हा हाताकडे. तो डावा हात होता.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"माय डावरी होती ते."

कमलाकांतने हात खाली घेतला. त्याला कोणीच सांगितले नव्हते. माणिकबाईला त्याने कधी पाहिलेही नव्हते. भाकरी ती उजव्या हाताने थापी, वाढीही उजव्यानेच. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तशी सवय लावली होती. सारवताना मात्र तिच्या हाताला कोणी टोकत नसे. शेणात कोणता हात गेला, ह्याचे कोणाला काय.

मोरोपंत काहीतरी बोलणार होते. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला, आणि नकाशात एखादे गाव शोधावे तसे चित्राकडे बघत राहिले.

"मंग ह्यात माय हाये का?" भामीने विचारले.

"मला माहीत नाही, भामी."

"उद्या आत्यानं भिंत सारवली तर?"

"तेही मला माहीत नाही." त्याने खरेच सांगितले. "तुला हवं असेल तर हे चित्र घरी पोचवतो."

भामीने मान हलवली. पण ती होकाराची की नकाराची, हे तिला स्वतःलाही कळले नाही. कागद तिने खिडकीत ठेवला आणि ती जिना उतरली. घरापर्यंतच्या वाटेवर तिचा डावा हात मधूनच कोपरातून वळत होता. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने, काय वं, माश्या हाकलून राह्यली का, असे विचारले. तिने हात पाठीमागे घेतला. थोड्या वेळाने तो पुन्हा वळू लागला.

दुसऱ्या दिवशी गाय-वासराची पूजा झाली. पार्बताबाईने माती, भुसा, शेण एकत्र करून पायांनी तुडवले आणि घमेले भरून मागच्या खोलीत आणले. भामी भिंतीशी उभीच होती. पण ह्या वेळी तिची पाठ आत्याकडे होती आणि तोंड भिंतीकडे. उजव्या मुठीत तिने झगा धरला होता. डाव्या हाताची बोटे माणिकबाईच्या एका कमानीत, एकेका रेघेत एकेक, ठेवून पाहत होती. करंगळी जेमतेम पोचत होती.

"झालं का पाहून?" पार्बताबाईने विचारले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"तू नको करू," भामी म्हणाली. "मी करते."

"तुले येते का?"

भामी घमेल्याजवळ बसली आणि तिने डावा हात मातीत घातला.

"उजवा, बाई," पार्बताबाई सवयीने म्हणाली, आणि मग तिने तोंडाला पदर लावला.

भामी उठली. कोपऱ्यापाशी गेली, तळवा भिंतीला टेकवला आणि हात वळवला. पहिली कमान वाकडी आली, मधेच तुटली. तिने ती पुसली नाही. पुन्हा माती घेतली, आणि तिच्या पोटात दुसरी ओढली.