पुढच्या चाकांचे ब्रेक

माझा नवरा रिदा बेकरीच्या रांगेत उभा असताना छातीत कळ येऊन गेला, त्याला एकोणीस दिवस झाले होते. गाडी अंगणात अंजिराखाली तशीच उभी होती. सासूला दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी कैरवानच्या इस्पितळात न्यावं लागतं. इतके दिवस शेजारचा तिजानी नेत होता, पण आता त्याच्याकडे ऑलिव्हची तोडणी सुरू झाली. गाडी मला चालवता येते. फक्त ब्रेक दाबला की पुढून लोखंड घासल्याचा आवाज यायचा.

ब्रेकचे नवे पॅड रिदानेच आणून डिकीत टाकले होते. वीस वर्षं तो असली कामं अंगणातच करायचा आणि मी शेजारी बसून त्याच्या हातात पाने-पकड द्यायचे. कशानंतर काय करायचं ते मला पाठ होतं.

सोमवारी सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचे नट सैल केले, जॅक चढवला. सासू खुर्ची ओढत समोर येऊन बसली.

"बाईमाणसाने असं गाडीखाली लोळायचं?"

"खाली नाही उम्मी, बाजूला बसलेय."

"लोक बघतायत."

"बघू देत."

तिजानी भिंतीवरून डोकावला. "वहिनी, नट उरले तर मला द्या. माझ्या ट्रॅक्टरला कायम कमीच पडतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "येऊ का मी?"

"नको भाऊजी. तुम्ही तोडणी बघा."

चाक निघालं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट हलेना. पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा सुटला. ब्रेकच्या तेलाच्या नळीला ताण नको म्हणून कॅलिपर तारेने वर टांगला. जुने पॅड हातात आले. आतल्याला नुसतं लोखंड उरलं होतं. मी ते बाजूला ठेवले. क्लॅम्प लावून पिस्टन हळूहळू आत दाबला, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले. काही वाटत नव्हतं. दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली.

चाकं लावून गाडी खाली उतरवली. आता पेडल दाबून दाबून ते घट्ट करायचं आणि कुठे तेल गळत नाही ना, ते बघायचं. त्याला दोन माणसं लागतात.

"उम्मी, आत बसून पाय देता का?"

तिने गाडीकडे पाहिलं. मग उठली. मुलाच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "पाय पोचत नाही."

रिदा उंच होता. मी सीटखालचा दांडा धरला. थोडा वेळ नुसताच धरून बसले. मग ओढला आणि सीट पुढे सरकवली.

"दाबा."

"सगळंच खाली जातंय."

"दाबत राहा."

नवव्या-दहाव्या वेळी ती म्हणाली, "आता अडलं."

मी वाकून दोन्ही चाकं पाहिली. कोरडी होती. "बास," म्हणाले.

तिने पाय काढला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मीही चाकाला टेकून जमिनीवर बसले. रडलं कुणीच नाही. ऊन बॉनेटवर आलं, तेव्हा ती म्हणाली, "भूक लागलीय." मी हात धुऊन कालची मसूर गरम केली.

मंगळवारी कैरवानच्या अलीकडे मेंढ्या रस्त्यावर आल्या. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. सासूने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि आम्ही मेंढ्या जाईपर्यंत बसून राहिलो.