वेलीचं दुसरं टोक

सुटं: जे जमिनीला धरून नाही ते. गळलेलं पान, मोडकी काडी, दगड, कोळ्याचं जाळंसुद्धा. चेंडूच्या आड आलं तर खुशाल उचलावं.

रुजलेलं: जे वाढतंय ते. उपटून वाट मोकळी केली की दोन ठोके दंड.

गोल्फच्या नियमांचं पुस्तक यापुढेही बरंच बोलतं, पण क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांचं घोडं या दोन ओळींतच अडलं. तेही अठराव्या भोकाला, शेवटच्या. ज्याचे ठोके कमी तो जिंकतो; ते सगळ्यांच्या एका ठोक्याने पुढे होते आणि चषक जवळजवळ काखेतच होता.

वर्षातून एक दिवस क्लबच्या कामगारांना सभासदांबरोबर खेळायला मिळे. त्या दिवशी गवत कापणारी मशीनवाली साहेबांच्या जोडीला आली होती. नियम असा की एकाचे ठोके दुसऱ्याने लिहायचे आणि शेवटी खाली सही करायची. साहेबांच्या कार्डावर सही तिची. तिच्या नोकरीचं पत्र दरवर्षी नवं निघायचं, त्यावर सही साहेबांची. ते पत्र येत्या आठवड्यात निघायचं होतं.

साहेबांचा चेंडू झुडपाच्या कडेला, एका वाळक्या वेलीला टेकून बसला होता. सुटी आहे म्हणत त्यांनी वेल ओढली. आली नाही. पुन्हा ओढली, तेव्हा आली, सोबत मूठभर ओली माती घेऊन. ती झुडपात भिरकावून त्यांनी चेंडू मारला. ठोका सुरेख बसला, त्यात वाद नाही.

मशीनवाली म्हणाली, “साहेब, दोन वाढवते.”

तिला ही वेल तोंडपाठ होती. रोज सकाळी ती वेलीपाशी मशीनचं पातं उचलायची. वेलीचं एक टोक कधीच वाळलं होतं. दुसऱ्याने मात्र जमिनीला टेकून तिथेच मूळ धरलं होतं. वरून मेलेली दिसायची, एवढंच.

साहेब हसले. मग समजुतीने बोलले. मग म्हणाले, गवत कापणाऱ्यांनी गवत कापावं. उगाच उचलली जीभ, लावली टाळ्याला करू नये. ती मात्र वेल निघालेल्या खड्ड्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, मास्तरांना बोलवा. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आजचे पंच.

तिची पिशवी वाहायला आलेली नणंद क्लबच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती कानाशी लागली. “वहिनी, एक वेल ती काय. तुझ्यापायी माझीही चूल विझेल. लिहून टाक आणि चल.”

“तू चल पुढे.”

नणंद गेली नाही. पिशवी खाली टाकून तिच्यावरच बसली.

उशीर: विनाकारण खेळ थांबवला तर पहिल्या वेळी एक ठोका.

मागच्या दोन जोड्या येऊन ताटकळत उभ्या राहिल्या. कुणी घड्याळ बघितलं, कुणी घसा खाकरला, एकाने मोठ्याने विचारलं की बाईंनी इथेच बिऱ्हाड थाटलंय काय. मशीनवालीने मान वर केली, पाय हलवले नाहीत.

मास्तर धापा टाकत आले. दोन्ही बाजू ऐकून घेऊन त्यांनी झुडपात हात घातला आणि वेल बाहेर काढली. टोकाला पांढरी मुळं होती, केसांसारखी, अजून ओली. ते बराच वेळ ती न्याहाळत राहिले. चष्मा पुसला. पोटापाण्याचा प्रश्न त्यांनाही असावा, कारण आधी ते तिच्याकडेच वळले. म्हणाले, पंचाला नुसती हाक मारली असती तर भागलं असतं, वाट अडवायचं कारण नव्हतं. उशिराचा एक ठोका तिच्यावर पडेल.

“पाडा,” ती म्हणाली. आणि पेन्सिल काढून स्वतःच सांगितलं, “माझा एक साहेब लिहितील. त्यांचे दोन मी लिहिते. की फक्त माझाच लिहायचा?”

मास्तरांनी वेल खाली ठेवली, अलगद, जणू ती पुन्हा लागणार होती. “दोन्ही लिहा,” ते म्हणाले.

साहेब जवळ आले. आवाज एवढा खाली की मागच्यांना ऐकू जाऊ नये. “पुढच्या आठवड्यात पत्र निघायचंय. आहे ना ध्यानात?”

“आहे की. तुमची सही तुमच्या हातात, माझी माझ्या.”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागच्या दोन जोड्या आता कान टवकारून उभ्या होत्या.

तिचा चेंडू वीस पावलांवर, झाडाखाली पडला होता. पानांत पार बुडालेला. ती उकिडवी बसली आणि एकेक पान उचलू लागली. चेंडू जरा हलला तर आणखी एक ठोका. म्हणून चिमटीने, श्वास रोखून. बाजूचं, वरचं, खाली अर्धं दबलेलं. मागे साहेब कुणाला तरी काही समजावत होते. तिने घाई केली नाही. शेवटचं पान निघालं, चेंडू जागचा हलला नाही.

मग ती उभी राहिली, पाय रोवले आणि मारला.